समुद्राकाठी सारखे धक्के बसतात, तिथे राहायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो: तुम्ही चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी किनाऱ्यावरच्या शहरात आलात, पाच मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहता, खाली पूर्ण मजला पार्किंग, समुद्र चालत दहा-बारा मिनिटांवर. आठवड्यातनं दोन-तीनदा जमीन हलते. शेजारी म्हणतात छोटे धक्के बसलेले बरेच, आतला जोर निघून जातो. मिसेस रात्र रात्र जाग्या असतात, मुलगी सहा वर्षांची आहे. आणि तुम्ही विचारताय की धक्का बसला की जिना उतरून पळायचं का, आणि मुळात हे शहरच सोडावं का.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक अशाच भूकंपाच्या किनारी भागात गेली. नवीन डिझाइनपेक्षा जास्त काम केलंय ते धक्का बसून गेल्यावर इमारत बघायला जायचं, लोकांना आत जाऊ द्यायचं की नाही ते ठरवायचं. त्यामुळे जे सांगतो ते त्या नजरेतून आहे.

तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, पण त्यात दोन वेगळी संकटं एकात एक गुंतलीयत. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या माणसाला एवढंच बघायचं असतं की डोक्यावर काही पडू नये. तुम्हाला ते बघायचंच आहे, वर समुद्रही, म्हणजे भूकंपानंतर येणाऱ्या त्सुनामीच्या लाटाही बघायच्यायत. आणि गंमत नाही, खरी अडचण ही आहे की या दोन्हीची उत्तरं उलटी आहेत. जमीन हलत असताना आहात तिथेच थांबायचं असतं आणि हलायची थांबली की (ती बराच वेळ हलली असेल तर) एक मिनिटही थांबायचं नसतं. लोकांची चूक नेमकी इथेच होते, हलत असताना धावतात आणि थांबल्यावर खाली घोळका करून गप्पा मारत उभे राहतात.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तुमची इमारत कधीची, कुणी बांधली, खाली खडक आहे की भरावाची जमीन, तुमच्या गल्लीची समुद्रसपाटीपासून उंची किती, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. ते कसं शोधायचं तेवढं सांगतो.

आधी शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल, कारण हे मी दर ठिकाणी ऐकलंय आणि यानेच माणूस गाफील राहतो. मॅग्निट्यूड, म्हणजे आपण सवयीने रिश्टर म्हणतो तो आकडा, एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. चारचा धक्का आणि सातचा धक्का यात तीन पायऱ्या, म्हणजे ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, तीस हजाराच्या वरच. एका सातच्या भूकंपाचा जोर छोट्या धक्क्यांनी काढून टाकायचा तर चारचे तीस हजारांहून जास्त धक्के बसायला हवेत, आठवड्याला तीन या हिशोबाने दोनशे वर्षं लागतील. तर जोर निघून जातो वगैरे काही होत नाही.

पण म्हणून प्रत्येक छोटा धक्का मोठ्याची वर्दी असतो असंही नाही. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर इकीके शहराजवळ मार्च २०१४ मध्ये धक्क्यांची मालिका सुरू झाली, १६ मार्चला ६.७ चा बसला, आणि १ एप्रिलला ८.२ चा. तिथे छोटे धक्के खरंच वर्दी ठरले. उलट ग्रीसच्या सँटोरिनी बेटापाशी २०२५ च्या फेब्रुवारीत हजारो धक्के बसले, दहा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले, आणि सगळ्यात मोठा ५.३ च्या आसपासचाच निघाला, हळूहळू सगळं शांत झालं. मालिका चालू असताना ही इकीकेसारखी आहे की सँटोरिनीसारखी ते आज कुणीच सांगू शकत नाही. जगभरचा ढोबळ अनुभव असा की शंभर धक्क्यांमागे साधारण पाचांच्या पाठोपाठ आठवड्याभरात त्याहून मोठा धक्का येतो. पंच्याण्णवांच्या मागून त्याहून मोठं काही येत नाही. तुमच्या मिसेसना हे दोन्ही सांगा, त्यांची भीती खोटी नाही पण दर धक्क्याला जागं राहून ती कमीही होत नाही.

अजून एक, "मोठा होऊन गेला, आता नाही" हा समजही तितकाच घातक. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप झाला, पहाटेची वेळ, नुकसान भरपूर पण जीवितहानी जवळपास नाहीच. पाच महिन्यांनी २२ फेब्रुवारी २०११ ला ६.३ चा झाला आणि १८५ माणसं गेली. आकड्याने लहान, पण शहराच्या अगदी जवळ, उथळ, भर दुपारी, आणि पहिल्या धक्क्याने आधीच खिळखिळ्या झालेल्या इमारतींना. म्हणून मी कुणी आकडा सांगितला की आधी विचारतो किती खोल आणि किती लांब.

आता इमारत. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द "पार्किंग" आहे. वरच्या मजल्यांवर खोल्या असतात, विटांच्या भिंती असतात, त्यामुळे वरचा भाग एखाद्या बंद खोक्यासारखा ताठ होतो. खाली भिंती नाहीत, नुसते कॉलम, म्हणजे खांब. जमीन हलली की वरचं खोकं अख्खं एकजीव राहतं आणि सगळं वाकणं त्या खालच्या एका मजल्यात येतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी तिथे बऱ्याच बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यातल्या कितीतरी अशाच, खाली पार्किंग असलेल्या. अशा इमारती वाईटच असतात असं नाही हं, डिझाइन करणाऱ्याने हे लक्षात घेऊन खालचे कॉलम जाड केले असतील, पार्किंगमध्ये मधे मधे काँक्रीटच्या भिंती घातल्या असतील, लिफ्टभोवतीची भिंत काँक्रीटची असेल तर ती उत्तम उभी राहते. लक्ष घालून बांधलीय की नाही एवढाच प्रश्न.

मी एकदा एका धक्क्यानंतर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इमारती बघायला गेलो होतो. दोन्ही चार मजली, दोन्ही खाली पार्किंग, दिसायला जुळ्या. पहिलीत पार्किंगच्या कोपऱ्यातल्या कॉलमचं वरच्या टोकाचं काँक्रीट गळून पडलं होतं आणि आतल्या उभ्या सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या होत्या. सळयांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा असतात ना, त्यांच्यातलं अंतर एवढं होतं की माझी मूठ मधून आरामात आरपार गेली, आणि रिंगेची टोकं काटकोनात नुसती दुमडलेली, ती उघडून बाहेर लोंबत होती. मी एक रिंग दोन बोटांनी ओढली तर हातात आली. शेजारच्या इमारतीत त्याच जागी वरचं प्लास्टर आणि थोडं कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, पडलं होतं, आत रिंगा जेमतेम चार-चार इंचांवर, टोकं आत काँक्रीटच्या गाभ्यात तिरपी वळवलेली, १३५ अंशात. हातोडीने ठोकून बघितलं, गाभा खणखणीत. पहिल्या इमारतीतल्या लोकांना त्याच रात्री बाहेर काढलं, दुसरीतले आठवड्याभरात परत राहायला गेले. फरक म्हणाल तर थोडं जास्त लोखंड आणि रिंगेचं टोक वळवायला सळया बांधणाऱ्या फिटरला लागणारे चार सेकंद.

तुम्हाला कॉलमच्या आतलं दिसणार नाही हे मान्य. पण विचारता येतं. इमारत कोणत्या वर्षीची, आणि तिथले भूकंपाचे बांधकाम नियम कोणत्या वर्षी कडक झाले, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जपानमध्ये घर भाड्याने घेताना लोक इमारत जून १९८१ च्या आधीची की नंतरची ते बघतात, कारण तेव्हा नियम बदलले, आणि १९९५ च्या कोबेच्या भूकंपात नंतरच्या इमारती स्पष्टपणे बऱ्या टिकल्या. प्रत्येक भूकंपप्रवण देशात असं एखादं वर्ष असतंच, तिथल्या कुठल्याही इंजिनियरला ते तोंडपाठ असतं. मग पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन उतरा. कॉलमला वरच्या किंवा खालच्या टोकाशी तिरपी भेग आहे का, गंजून काँक्रीट फुगलंय का (समुद्राच्या खाऱ्या हवेत हे फार होतं, आणि गंजलेली सळई म्हणजे बारीक झालेली सळई), एखाद्या कॉलमला भोक पाडून पाइप नेलाय का, गाडी वळवायला अडतो म्हणून कुणी कॉलम तासलाय का. हसू नका, मी तासलेला बघितलाय.

घरातल्या भेगांना मात्र घाबरू नका. भिंत आणि बीम (काँक्रीटची आडवी तुळई) जिथे मिळतात तिथे केसासारखी आडवी रेघ असते, ती जवळपास प्रत्येक इमारतीत असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, किंवा भिंतीवर फुलीसारखी उमटलेली भेग असेल तर पेन्सिलीने तिच्या दोन टोकांना खूण करून तारीख लिहून ठेवा आणि दर धक्क्यानंतर बघा वाढतेय का. वाढत असेल तर इंजिनियरला दाखवा. आणि भेग कॉलम-बीममध्ये असेल तर वाढायची वाट बघू नका.

जमिनीबद्दल थोडंच बोलतो. समुद्राकाठी भराव घालून केलेली जमीन, खाडीतली रेती, नदीच्या मुखाजवळचा गाळ, यात पाणी भरलेलं असतं आणि जोरात हललं की ती रेती काही काळ पातळ होते, अक्षरशः चिखलासारखी. १९६४ मध्ये जपानच्या निइगाता शहरात फ्लॅटच्या इमारती अख्ख्याच्या अख्ख्या आडव्या कलल्या होत्या, इमारतीला फारसं काही न होता. तुमचा भाग भरावाचा असेल तर पाया पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, आहे का ते विचारा, नुसता उथळ असेल तर मी तिथे घर घेणार नाही.

आता घराच्या आत, कारण इमारत टिकली तरी माणसं जखमी होतात ती बहुतेक आतल्या सामानाने. एका घरी गेलो होतो, कपाट भिंतीला नुसतं टेकवलेलं, त्यावर दोन जड बॅगा. पहाटे धक्का बसला तेव्हा घरातल्या बाई पाणी प्यायला उठल्या होत्या. परत आल्या तर कपाट पलंगावर आडवं आणि त्याचा वरचा कोपरा बरोबर उशीच्या मधोमध रुतलेला. त्या मला तो खड्डा दाखवत होत्या आणि बोलता येत नव्हतं त्यांना. कपाट वरच्या बाजूला लोखंडी एल पट्टीने भिंतीला बांधायला अर्ध्या तासाचं काम आहे, फास्टनर मात्र विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसला पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही. भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नसेल तर निदान पलंग हलवा, मुलीचा आधी. उशीच्या वर फ्रेम नको, डोक्यापाशी खिडकीची काच नको, माळ्यावरचं जड सामान खाली आणा. गॅस सिलिंडर आणि गीझर पट्ट्याने जखडा. आणि पलंगाखाली, पाय टाकला की सापडेल असे बूट आणि बॅटरी ठेवा, कारण रात्री लाइट जाते आणि जमिनीवर काचा असतात, तळपाय कापलेला माणूस पुढे सांगतो ते चालणं चालू शकत नाही.

जिना उतरून पळायचं का? नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, उतरायला धडधाकट माणसाला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, मुलीला कडेवर घेऊन जास्त, आणि बहुतेक धक्के त्याच्या आधीच संपतात. शिवाय जिना हा इमारतीत तिरपा अडकवलेला तुकडा असतो, इमारत डोलते तेव्हा तो दोन मजल्यांच्या मधे टेकूसारखा ताण घेतो आणि मोडणाऱ्या भागांत त्याचा नंबर बराच वर असतो. त्यातून उतरलात तरी दारातून बाहेर पडताना वरून गच्चीच्या कठड्याच्या विटा, काचा, एसीचे बाहेरचे डबे पडतात. म्हणून हलायला लागलं की गुडघ्यांवर बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरा कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी आणि कपाटापासून लांब, डोकं-मान हातांनी झाकून. पलंगावर असाल तर तिथेच, उशी डोक्यावर. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हा जुन्या मातीच्या घरांच्या काळचा सल्ला आहे, आजच्या घरात चौकट बाकीच्या भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि वर दार फटकन बोटांवर बसतं. अपवाद एकच: तुम्ही तळमजल्यावर, दारातच, आणि बाहेर मोकळं मैदान असेल तर बाहेर पडा. आणि दगडमातीच्या जड भिंतींचं घर असेल तर तिथे हा सगळा सल्लाच अपुरा पडतो. असं घर आधीच बांधून, पट्टे घालून घट्ट करायला हवं, नाहीतर तिथे राहू नये.

इथवरचं एका दमात: छोट्या धक्क्यांवरून काही ठरवू नका, पार्किंगचे कॉलम बघा, कपाटं बांधा, हलत असताना आहात तिथे दबून बसा. हे कुठल्याही भूकंपाच्या गावाला लागू आहे. आता समुद्र, म्हणजे खास तुमचा भाग.

टेबलाखाली बसलात की एक काम करायचं, मोठ्याने सेकंद मोजायचे. एक, दोन, तीन, असे. आमच्या घरात हा नियम आहे, माझी मुलगी पाच वर्षांची असल्यापासून मोजते, आधी तिचा आवाज थरथरायचा, नंतर नंतर ती आमच्याआधी सुरू करायला लागली. मोजण्यामागचं कारण साधं आहे. भूकंप म्हणजे जमिनीतली चीर एका टोकापासून फाटत जाणं, सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर या वेगाने. पाचचा धक्का असेल तर चीर लहान, दोन-चार सेकंदांत खेळ संपतो. सातचा असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटर फाटायला पंधरा-वीस सेकंद लागतात. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापाशी बाराशे किलोमीटरहून लांब पट्टा फाटला, त्याला आठ-दहा मिनिटं लागली. म्हणजे किती वेळ हललं यावरून तुम्हाला फोन, टीव्ही, इंटरनेट कशाशिवायही कळतं की हे किती मोठं आहे. हलण्याचा जोर फसवू शकतो, वेळ सहसा फसवत नाही.

जोर कसा फसवतो ते १५ जून १८९६ ला जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर दिसलं. धक्का सौम्य होता, नेहमीचाच म्हणून लोकांनी दुर्लक्ष केलं, अर्ध्या तासाच्या आसपास लाटा आल्या आणि बावीस हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाच्या मेंतावाई बेटांवर तसंच झालं, हळू हळू पण बराच वेळ डोललं, चारशेहून जास्त माणसं गेली. सारखे धक्के बसणाऱ्या ठिकाणी हाच खरा धोका आहे असं मला वाटतं, सवय झालेली असते, जोर कमी दिसला की माणूस कूस बदलून झोपतो.

न्यूझीलंडमध्ये लोकांना शिकवतात की उभं राहता येणार नाही इतकं जोरात हललं, किंवा एक मिनिटाहून जास्त हललं, तर भोंग्याची वाट न बघता निघा. आमच्या घरातला आकडा मी मुद्दाम वीस ठेवलाय. वीस म्हणजे बऱ्याचदा उगाच चालणं होणार हे मला माहीत आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा रात्री अर्धा तास चालायला लागलं तर मला चालतं. एक बारकावा: वरच्या मजल्यावर जमीन थांबल्यावरही इमारत थोडा वेळ डोलत राहते, त्यामुळे तुमचा आकडा थोडा जास्त येईल, येऊ दे.

इशारा येईपर्यंत का थांबायचं नाही? कारण लाट किती लवकर येईल ते चीर किती जवळ आहे त्यावर असतं. खोल समुद्रात लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते, किनाऱ्याशी येता येता मंदावते पण तरी माणसाच्या पळण्यापेक्षा जोरातच असते. १९९३ च्या जुलैमध्ये जपानच्या ओकुशिरी बेटावर पहिली लाट पाच मिनिटांच्या आत आली. एवढ्या वेळात कुठली यंत्रणा इशारा देणार आणि तुम्ही तो वाचून बूट घालणार कधी? यंत्रणा हवीच, लांबच्या भूकंपाच्या लाटांसाठी तर तीच आपले डोळे आहे. पण जवळच्या भूकंपात धक्का हाच इशारा. सिमेउलुए नावाचं बेट २००४ च्या भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथे १९०७ च्या लाटेची आठवण आजी-आजोबांनी नातवंडांना सांगत सांगत जपली होती, जमीन जोरात हलली की डोंगरावर जा. अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास वस्ती, आणि लाटेने गेलेली माणसं सात. कुठलाही भोंगा वाजला नव्हता.

तर कुठे जायचं? नगरपालिकेचा किंवा आपत्ती विभागाचा लाटेचा नकाशा असेल तर त्यातली सीमा बघा. नसेल तर ढोबळ नियम, समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंच किंवा किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत, यातलं जे आधी गाठता येईल ते. दोन्ही जमत नसेल तर मजबूत काँक्रीटच्या उंच इमारतीचे वरचे मजले. तुमच्या स्वतःच्या इमारतीत वर चढून थांबायचं का हे पार्किंगच्या कॉलमवर ठरेल, म्हणून ते आधी बघा म्हणालो. नदी-खाडीच्या काठाकाठाने जाणारी वाट घेऊ नका, लाट त्यातूनच सगळ्यात आत शिरते. गाडी काढू नका, सगळ्यांनी काढली की पहिल्या चौकात सगळे अडकतात, अगदी चालू न शकणारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. वर पोचलात की तिथेच थांबा. पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही, १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा लहान आल्या म्हणून काही लोक खाली परतले आणि चौथी सगळ्यात मोठी निघाली.

शाळेचं आधी ठरवा, यात भावना आड येतात. मुलगी शाळेत असताना धक्का बसला तर तुम्ही तिला आणायला खालच्या रस्त्याने शाळेत जायचं नाही. अवघड वाटतं वाचायला, मला माहीत आहे, मीही बाप आहे. पण मुलं आधीच वर निघालेली असतात आणि आईबाप त्यांना शोधत खाली उतरतात, यात माणसं गेलीयत. २०११ च्या मार्चमधल्या त्सुनामीत जपानच्या कामाइशी शहरात जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली, त्यांना शिकवलंच होतं की कुणाची वाट न बघता वर जायचं, आणि घरचेही तसेच वर गेले असतील यावर विश्वास ठेवायचा. या आठवड्यात शाळेत जाऊन विचारा की मुलांना कुठे नेणार, कोणत्या वाटेने, किती वेळात. उत्तर धड मिळालं नाही तर इतर पालकांना घेऊन परत जा. भेटायची जागा वरच्या बाजूला ठरवा आणि मुलीला ती जागा पायाने माहीत पाहिजे, नुसती नावाने नाही.

पिशवीचं सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून पटकन: माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी, घरात निदान तीन दिवसांचं, किनाऱ्यावर रस्ते तुटतात म्हणून जमलं तर आठवड्याचं. पाठीवर न्यायची पिशवी मात्र हलकी, औषधं, बॅटरी, शिट्टी, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड, मुलीचं काही एक आवडतं. उचलून पळता येत नाही अशी पिशवी घरातच राहते.

फोनवरचे भूकंपाचे अलर्ट चालू ठेवा, उपयोग होतो. भूकंपाची आधी येणारी हलकी लहर सेकंदाला सहाएक किलोमीटर जाते, नुकसान करणारी साडेतीनच्या आसपास, त्यामुळे केंद्र शंभर किलोमीटर लांब असेल तर दोन्हीत दहा-बारा सेकंदांचं अंतर पडतं, टेबलाखाली जायला ते पुरतं. केंद्र पायाखालीच असेल तर काही मिळत नाही. आणि अमुक तारखेला एवढ्या वाजता मोठा भूकंप येणार असे मेसेज आले की डिलीट करा, कोणाचेही असोत. दिवस-वेळ सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही.

राहता राहिली झोप. सारखे धक्के बसणाऱ्या ठिकाणी शरीर सतत कान टवकारून असतं, हललेलं नसताना हलल्यासारखं वाटतं, चक्कर येते. मिसेसना सांगा हे आजारपण नाही, पुष्कळांना होतं. पलंगाशेजारी अर्धा ग्लास पाणी ठेवा किंवा दिसेल असं काहीतरी टांगून ठेवा. वाटलं की त्याकडे बघायचं, ते स्थिर असेल तर स्थिर आहे. माझ्या बायकोला याने जितकं बरं वाटलं तितकं माझ्या कुठल्याही तांत्रिक समजावण्याने नाही वाटलं. दुसरं म्हणजे कपाट बांधलेलं, बूट खाली, वाट चाललेली, असं असलं की रात्री जागं राहून पहारा द्यायचं कारण बरंच कमी होतं. तरी महिनाभर झोप नसेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. मुलीला खोटं सांगू नका की परत नाही येणार. येईल, आणि आला की आपण टेबलाखाली जाऊन मोजायचं, असं सांगा. मुलांना काम दिलं की ती सावरतात.

शहर सोडावं का? तुम्ही सांगितलेल्या माहितीवर माझं मत असं, शहर सोडायची गरज मला दिसत नाही, फ्लॅट बदलायची कदाचित आहे. कॉलमना काही दिसलं, वर्ष जुनं निघालं किंवा मालक काहीच सांगायला तयार नसेल तर त्याच शहरात वरच्या बाजूला, अलीकडच्या नियमाने बांधलेल्या इमारतीत जा. भाडेकरूला ही सोय आहे, ती वापरा. 

येत्या सुट्टीच्या दिवशी एवढं करा. मुलीला घेऊन, पिशवी पाठीवर टाकून, दारातून घड्याळ लावून उंच जागेपर्यंत चालत जा. तिच्या चालीने, उचलून न घेता. मग तीच वाट एकदा अंधार पडल्यावर. दोन्ही वेळा किती मिनिटं लागली ते लिहा, आणि पार्किंगमधल्या कोपऱ्याच्या चारही कॉलमचे वरच्या-खालच्या टोकांचे फोटो काढून इथे पाठवा, मी बघतो.